न वाढलेलं अ‍ॅव्हरेज

४ ऑगस्ट

काका,

नमस्कार. डोकं तुमच्या पायांवर आहेच, पण आज ते तापलेलं आहे, तेव्हा जरा जपून.

आज सकाळी नऊ वाजता वाचनालयाच्या अंगणात आमच्या पुस्तकांच्या गाडीच्या टाकीला सील लावलं. हो, सील. पार्सलला लावतात तसं, लाल लाखेचं. कारकून एका हातात लाखेची कांडी आणि दुसऱ्या हातात पेटती मेणबत्ती घेऊन पेट्रोलच्या झाकणापाशी वाकला! मी किंचाळले, "अहो, पेट्रोल आहे ते! सगळ्या पुस्तकांसकट उडायचंय का आपल्याला?" तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. मग त्याने आत जाऊन लाख वितळवली आणि डबीत घालून पळत पळत आणली. तीन वेळा ती वाटेतच गोठली, चौथ्यांदा जमलं. झाकणावर दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर वाचनालयाचा शिक्का, आणि शेजारी वहीत माझी सही. आता पेट्रोल भरायचं तर कारकून पंपावर सोबत येणार, सील फोडणार, आणि परत आल्यावर नवीन लावणार.

का? तर मी पेट्रोल चोरते.

तोंडावर कोणी म्हणत नाही. पण ऐका हिशोब. आमचे अध्यक्ष, तुमचाच शिष्य, ज्याला तुम्ही 'थर्ड गिअर' म्हणायचात, त्यांनी एप्रिलअखेर फर्मान काढलं की गाडीत यापुढे फक्त प्रीमियम पेट्रोल. त्याने अ‍ॅव्हरेज अकरावरून साडेबारा होणार. मे, जून, जुलै झाले, गाडी अकराची अकरावरच. महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरते मी. साडेबाराने एकशेवीस लिटर लागायला हवं, लागतं एकशेछत्तीस. कारकुनाने वजाबाकी केली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सोळा लिटर गेले कुठे?

काका, जे पेट्रोल कधी शिल्लकच पडलं नाही, ते मी चोरलं म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

आणि हे साडेबारा आलं कुठून? अध्यक्ष म्हणाले, "आमच्या सरांच्या गाडीचं चौदावरून सोळा झालं. सर चाळीस वर्षं गाडी शिकवत होते, ते खोटं सांगतील का?" म्हणजे तुम्ही. तुम्ही त्यांच्याकडे चहाला गेला होतात आणि बिस्किटाबरोबर हे दिलंत.

१० सप्टेंबरला समितीची बैठक आहे. त्यात माझा लेखी खुलासा नाही पटला तर मला काढणार, आणि कागदावर कारण लिहून काढणार. पेट्रोलचोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरच्या हातात पुढे कोण स्टिअरिंग देतं? बाबा गेल्यावर तुम्ही मला गाडी शिकवलीत, त्यावर आईचं आणि माझं घर चाललंय. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मला जास्त काही नको. अध्यक्षांना एक ओळ लिहा. माझी गाडी वेगळी, तुमची गाडी वेगळी, एवढंच. तुमची एक ओळ तिथे माझ्या दहा पानांपेक्षा जड आहे.

काकूची पाठ कशी आहे?

तुमची,
क्लच
(नाव तुम्हीच ठेवलंय)


९ ऑगस्ट

चि. क्लच,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या उद्गारचिन्हांनी माझ्या डोळ्यांना त्रास होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझी वही खोटं बोलत नाही. टाकी दर वेळी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, लिटर लिहायचे, भागाकार करायचा. साध्या पेट्रोलवर वर्षभर चौदा. मार्चमध्ये काकू ऑपरेशन होऊन घरी आली त्याच आठवड्यात मी म्हटलं, आता घरात सगळ्यांनाच चांगलंचुंगलं खाऊ घालू, गाडीलाही. प्रीमियम सुरू केलं. पहिल्याच टाकीला पंधरा पूर्णांक आठ. दुसरीला सोळा. तेव्हापासून सोळाच. आता ह्यात 'माझी गाडी वेगळी' असं काय लिहू? इंजिन इंजिन असतं. सोळा झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मग तुझं का होत नाही? त्याची कारणं तू स्वतःच शोधायला हवीस. एक, क्लच. शिकताना तुझा डावा पाय क्लचवरून उठायचाच नाही, म्हणून तर नाव पडलं. अजून तसाच असेल. दुसरं, टायरमधली हवा. तिसरं, कुठे थेंब थेंब गळत असेल. चौथं, रागावू नकोस, पण तुझा स्वभाव भिडस्त. रस्त्यात अडलेल्या एखाद्या स्कूटरवाल्याला बाटलीभर काढून दिलंस का कधी? तसं असेल तर सरळ सांगून टाक, मी थर्ड गिअरला समजावेन. माणूस तसा वाईट नाही, फक्त चढावर दम टाकतो.

सीलचं म्हणशील तर मला त्यात एवढं आकाश कोसळण्यासारखं दिसत नाही. ज्याचं काही लपलेलं नाही त्याला सीलची भीती कशाला? मेणबत्तीचं मात्र चूक. त्या कारकुनाला माझ्याकडे पाठव, चार गोष्टी शिकवतो.

काकूची पाठ सुधारतेय. आठवड्यातून दोनदा डॉक्टरकडे नेतो, रोज संध्याकाळी धरणाच्या रस्त्यावर हवा खायला नेतो. मागच्या सीटवर उशा रचून राणीसारखी बसते.

तुझा,
काका

ता.क. काकूची ओळ: माझे बाई, यांचं मनावर घेऊ नकोस. मी म्हटलं होतं स्कूटरवाल्याचं वाक्य खोडा. खोडलं नाही. – काकू


१४ ऑगस्ट

काका,

नमस्कार. स्कूटरवाला कुठला आहे ते कळवा, म्हणजे मी त्याला शोधून त्याच्याकडून पावती आणते. महिन्याला सोळा लिटर म्हणजे बाटलीभर? बाटल्या भरायलाच मला दुसरी नोकरी धरावी लागेल!

तुम्हीही, काका? बाहेरच्यांनी संशय घेतला तर मी भांडते. तुमच्याशी कुठल्या तोंडाने भांडू?

तरी तुमची कारणं एकेक घेऊन मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेले. गाडी वर चढवली, खालून टॉर्च मारून पाहिलं. एक थेंब गळत नाही. टायरची हवा बरोबर. क्लचप्लेट काढून दाखवली त्यांनी, म्हणाले, "पाच वर्षं वापरलेली प्लेट इतकी चांगली मी पाहिली नाही, कोण चालवतं?" मी म्हटलं, "क्लच." त्यांना काही कळलं नाही.

मग मी प्रीमियमचं विचारलं. ते हात पुसत म्हणाले, "ताई, त्या पेट्रोलमध्ये ताकद जास्त नसते. ते दाब जास्त सोसतं, इतकंच. काही इंजिनांत दाब इतका असतो की साधं पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेट घेतं आणि इंजिन ठोके देतं. तिथे हे लागतं, तिथे फरकही पडतो. तुमची गाडी साध्यावर कधी ठोके देत होती?" नव्हती. "मग तिला काय कळणार यातलं?" गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून त्यांनी मला पान दाखवलं. साधं पेट्रोल वापरा, असं ठळक छापलंय. एक अख्खी पुस्तकांची गाडी, आणि तिचं स्वतःचं पुस्तक तीन महिन्यांत एकानेही उघडलं नाही. मीसुद्धा.

ते पान मी अध्यक्षांपुढे ठेवलं. म्हणाले, "कंपनीवाले काय, काहीही छापतात. सरांचा अनुभव आहे."

टेकडीवरच्या वृद्धाश्रमात काय झालं तेही ऐका. जाड भिंगांच्या आजी, दर मंगळवारी तीन रहस्यकथा नेतात त्या, गाडीला वळसा घालून येतात कारण पायऱ्या त्या बाजूला आहेत. त्यांचं लक्ष गेलं. "हे काय गं लाल लाल?" काय सांगू? म्हटलं, नवीन पद्धत आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रहस्यकथा वाचणारी बाई, तिला न कळायला काय झालं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आता कारकून गाडीत बसून माझ्यावर नजर ठेवतो. कालचा तिसरा दिवस. टेकडीच्या पाचव्या वळणावर त्याने परत आलेल्या पुस्तकांच्या पिशवीत ओकारी काढली. मी गाडी थांबवली, पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं. पांढराफटक पडला होता बिचारा. कठड्यावर बसून म्हणाला, "ताई, तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगतो. सील साहेबांच्या डोक्यातून नाही निघालं. तुमच्या घरूनच पत्र आलंय."

घरून म्हणजे आई तर नाही, तिला पत्ता लिहितानासुद्धा मी लागते.

काका, तुम्ही कुठल्याही गाडीत बसलात की तुमचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत असतो. शिकवायच्या गाडीत तुमच्या पायाशी जादा ब्रेक होता, तिथे ते ठीक होतं. पण तुम्ही बसमध्येसुद्धा दाबता. आम्ही लहानपणी हसायचो. आता हसू येत नाही. सरळ विचारते, तुम्ही अध्यक्षांना काही लिहिलं होतं का?

तुमची,
क्लच


१८ ऑगस्ट

चि. क्लच,

मिस्त्री लोक मी चाळीस वर्षं पाहिलेत. त्यांना गाडी उघडता येते, याचा अर्थ त्यांना सगळं कळतं असा नाही. चौदाचे सोळा कसे झाले ते सांग म्हणावं त्याला. सांगता येणार नाही.

बैठकीत आवाज चढवू नकोस. खुलासा थोडक्यात लिही. अक्षर नीट काढ.

बाकी पत्राबित्राच्या गोष्टी कारकुनाच्या तोंडून ऐकून डोक्यात घेऊ नयेत. थर्ड गिअरला आणि मला आमच्यात काही बोलायचं असतं, ते आमच्यात राहू दे.

इकडे सर्व ठीक.

काका

ता.क. यांनी मला आज ओळ लिहायला जागा ठेवली नाही, म्हणून पाकिटावर मागे लिहितेय. कसलं पत्र गं? – काकू


२२ ऑगस्ट

काका,

कारकुनाने फाइल उघडून दिली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मी वाचलं.

'चालक ही माझी सख्खी पुतणी आहे, म्हणून तिला सूट देऊ नये. माझ्या नात्यामुळे आपण डोळेझाक केली असं कोणी म्हणायला नको. प्रीमियम घालूनही अ‍ॅव्हरेज वाढत नसेल, तर हाताशी टाकी असताना माणसाला मोह होतो हे लक्षात घ्यावं. झाकणाला सील लावून पाहावं.'

खाली तुमची सही. १९ जुलै. ती सही मला दुसऱ्या कोणी दाखवायला नको, माझ्या लायसन्सच्या अर्जावर तीच आहे.

म्हणजे ४ तारखेला मी तुमच्याकडे रडत आले तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. आणि तुम्ही मला टायरमधली हवा तपासायला सांगितलीत!

मला वाईट कशाचं वाटतंय सांगू? तुम्ही आधी मला विचारलंही नाहीत. 'काय गं, काढतेस का पेट्रोल?' एवढं विचारायचं होतं. मी रागावले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग विसरले असते. तुम्हाला तुमच्या वहीतल्या दोन किलोमीटरचा भरवसा वाटला, माझा नाही.

खुलासा मी लिहिला आहे. अक्षर नीट काढलंय. यापुढे तुम्हाला पत्र लिहिणार नाही.

काकूला नमस्कार.


२८ ऑगस्ट

माझे बाई,

तू यांना लिहिणार नाहीस म्हणालीस, मला लिहिणार नाहीस असं नाही म्हणालीस. म्हणून मी लिहितेय. उताणं झोपून लिहितेय, तेव्हा अक्षर छताकडे गेलं तर समजून घे.

तुझं पत्र यांनी वाचलं आणि घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं. चष्मा टेबलावर, पत्र घरात. दोन दिवस जेवणावर लक्ष नाही. मी म्हटलं, काय झालंय ते सांगा, नाहीतर मी उठून स्वयंपाकघरात येते, आणि डॉक्टरांनी एकटीने उठू नका म्हटलंय. तेव्हा वाचायला दिलं. मी वाचलं. मग मी जे बोलले ते लिहीत नाही, शेजारच्यांनी ऐकलंय, तू आलीस की त्या सांगतील.

बोलून झाल्यावर मी म्हटलं, "ती मार्चची वही आणा." आणली. मी म्हटलं, "प्रीमियम कधी सुरू केलं?" म्हणाले, "तू घरी आलीस त्या आठवड्यात." मी म्हटलं, "आणि त्या आठवड्यापासून गाडी कशी चालवता?"

तुला माहितीये ना हे कशी चालवायचे? साडेतीन हजार लोकांना सांगितलं, हळू सोडा, आधी बघा, ब्रेक कमी लावा. आणि स्वतः? सिग्नल सुटला की धनुष्यातून सुटल्यासारखे, आणि पुढचा सिग्नल आला की माझं डोकं काचेवर. तीस वर्षं मी मुठीत जीव धरून बसले यांच्या शेजारी. पण मार्चपासून मागे उशा, उशांवर मी, माझ्या पाठीत सहा टाके. चाळीसच्या वर काटा जात नाही. खड्डा दिसला की शंभर पावलं आधी पाय उचलतात. गाडी अशी नेतात की हातातल्या कपातला चहा हलत नाही. मी म्हटलं, "अहो, सोळा पेट्रोलने नाही झालं. माझ्या पाठीने झालं."

माणूस तरीही ऐकेना! म्हणाले, सिद्ध करून दाखवतो. सोमवारी प्रीमियमवरच, पण एकटे, जुन्या पद्धतीने धरणापर्यंत गेले आणि आले. टाकी काठोकाठ भरून निघायचं, परत येऊन काठोकाठ भरायची. चौदा. मंगळवारी मिस्त्रीकडून टाकी रिकामी करून घेतली, साधं भरलं, आणि मला मागे बसवून तोच रस्ता. सोळा. बुधवारी पुन्हा साध्यावर, मला घेऊन, कारण म्हणे एकदा चूक होऊ शकते. सोळाला एक दशांश जास्तच.

पंपावरून परत आले, गाडी दारात लावली, आणि उतरेचनात. मी मागे बसलेली, मला तर यांच्याशिवाय उतरता येत नाही. अर्धा तास तसेच बसलो दोघं. मग म्हणाले, "पोरीवर मी उगाच आळ घेतला."

मी काही दिलासा दिला नाही. म्हटलं, मला काय सांगता, जिला सांगायचं तिला सांगा, आणि त्याच्याआधी त्या थर्ड गिअरला सांगा.

हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. मला खूप राग आलाय. पाठ बरी झाली की आणखी येईल.

तुझी,
काकू


२ सप्टेंबर

चि. क्लच,

तू लिहिणार नाहीस, मीच लिहितो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती पत्रात नेमकी कुठे लिहितात ते ठाऊक नाही. सुरुवातीलाच लिहितो. माझं चुकलं.

पेट्रोलबाबत चुकलं ते लहान. वही बरोबर होती, मी ती चुकीची वाचली. पण तुझ्याबद्दल लिहिताना माझ्याकडे वहीसुद्धा नव्हती. मी किती निःपक्षपाती आहे हे थर्ड गिअरला दाखवायचं होतं. त्यासाठी तू हाताशी होतीस. तू पत्र पाठवलंस तेव्हा लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तुलाच चार कारणं सांगितली.

थर्ड गिअरला लगेच सगळं लिहिलं, वहीच्या पानांची नक्कल जोडून. त्याचं उत्तर आलं. 'आदरणीय सर, आपल्या भावना पोचल्या. परंतु सील हा आता समितीचा निर्णय असल्याने केवळ नातेवाइकांच्या पत्रावरून तो बदलणे उचित होणार नाही.' वाच पुन्हा! लावताना नातेवाइकाचं पत्र चाललं. काढताना नातेवाईक! या माणसाला मी पास केला. चढावर गाडी मागे आली होती तरी पास केला.

१० तारखेला मी येतोय. बसने येतो. तू घ्यायला येऊ नकोस, तुझी इच्छा नसेल तर बोलूही नकोस.

काका


१२ सप्टेंबर

काकू,

नमस्कार. काका सुखरूप पोचले असतील. ते तुला काहीच नीट सांगणार नाहीत म्हणून मी लिहितेय.

बैठक अकराला होती. काका साडेदहापासून बाकावर बसून होते, वही मांडीवर. मी त्यांच्याशी बोलले नाही. अध्यक्षांनी माझा खुलासा वाचला, काकांची वही चाळली, घसा साफ केला आणि म्हणाले, "ठीक आहे. सील काढू. विषय संपला."

मी म्हटलं, "संपला कसा? चोरी झाली नाही, असं लिहा."

म्हणाले, "चोरी झाली असं आम्ही लिहिलंच कुठे होतं?"

"मग सील कशाला होतं?"

एक सभासद म्हणाले, संशयाचा फायदा देऊन प्रकरण मिटवावं. काकू, 'संशयाचा फायदा'! माझ्या मस्तकात अशी सणक गेली! पण मी तोंड उघडायच्या आत काका उभे राहिले. त्यांचा तो मैदानावरचा आवाज, काचा हादरल्या. "फायदा कोणाला देताय? संशय माझा होता. खोटा होता. मला द्या काय द्यायचं ते. तिला फायदा नको, तिला तिचं नाव परत द्या. आणि तू, लिहायला घे. मी सांगतो ते लिही." अध्यक्षांना 'तू' म्हणाले, सगळ्यांसमोर. आणि ते लिहायला लागले गं! शाळेतल्यासारखं. 'चालकाने पेट्रोल चोरले नव्हते. अ‍ॅव्हरेज वाढण्याची अपेक्षाच चुकीची होती. प्रीमियम पेट्रोल बंद.' काकांनी 'चुकीची' हा शब्द अधोरेखित करायला लावला.

मग सील काढायला सगळे अंगणात आलो. कारकून पुढे झाला, मी त्याला थांबवलं. म्हटलं, साहेबांनी काढायचं. अध्यक्षांनी नखाने खरवडलं, निघेना. किल्लीने खरवडलं, निघेना. लाख दोऱ्यात आणि झाकणाच्या खाचेत अशी बसली होती की विचारू नकोस. घामाघूम झाले. तेवढ्यात कारकुनाने मदत म्हणून खिशातून काडेपेटी काढली, आणि अख्खी समिती एका उडीत भिंतीपाशी! वीस मिनिटं लागली. शर्टाच्या बाह्या लाल. मी एकदाही 'राहू द्या' म्हटलं नाही.

मंगळवार होता, टेकडीची फेरी होती. गाडीत बसले, चावी लावली, आणि काका खाली उभे. बस चारला होती. मी शेजारचं दार उघडलं. ते बसले.

टेकडीवर जाड भिंगांच्या आजी नेहमीसारख्या वळसा घालून आल्या. झाकणावरून बोट फिरवलं, थोडी लाल भुकटी लागली बोटाला, ती पदराला पुसली आणि म्हणाल्या, "नवीन पद्धत बंद झाली वाटतं." मी हो म्हटलं. काकांनी मान खाली घातली.

माझा राग गेलेला नाही, हे त्यांना सांग. कधी जाईल तेही ठाऊक नाही. नोकरी आहे, नाव आहे, तरी १९ जुलैचं ते पत्र अजून फाइलमध्येच आहे आणि मला ते पाठ आहे.

पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. टेकडीची पाच वळणं आहेत, पाचव्याला तर कारकुनाचं काय झालं ते तुला माहितीये. मी मुद्दाम बघत होते काकांच्या पायाकडे, खाली ब्रेक शोधतोय का. दिसेचना पाय. नीट पाहिलं तर चपला खाली होत्या आणि काका सीटवर मांडी घालून बसले होते. जाताना आणि येताना, अगदी स्टँडपर्यंत.

तुझी,
क्लच